वीसच्या वीस एबीसी घेऊ नका: वर्कशॉपसाठी फायर एक्स्टिंग्विशर कसे निवडायचे, कसे वापरायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चाकणला आठ हजार स्क्वेअर फुटांचं फॅब्रिकेशन युनिट आहे, पुढे वेल्डिंग-ग्राइंडिंग, मागे पेंट बूथ आणि त्याला लागून थिनरची खोली, एलटी पॅनल रूम (जिथून युनिटची वीज वाटली जाते), वर ऑफिस आणि सर्व्हर, बाहेर कँटीन, आणि आता लिथियम बॅटरीवाला स्टॅकर (माल उचलून रचायची गाडी) पण आलाय. व्हेंडरने ६ किलोचे वीस एबीसी (कोरड्या पावडरचे एक्स्टिंग्विशर) कोट केलेत आणि सांगितलंय की हे सगळ्यावर चालतं. घ्यावेत का, आणि पोरांना वापरायला शिकवायचं कसं.

मी फायर सेफ्टीचं काम बरीच वर्षं करतोय, ऑडिट आणि ट्रेनिंग दोन्ही. सरळ सांगतो, संख्येत प्रॉब्लेम नाही, सगळे एकाच प्रकारचे घेण्यात आहे. व्हेंडरला एकच माल विकायला आणि वर्षभराने एकच पावडर भरायला सोपं जातं म्हणून तो "ऑल इन वन" म्हणतो. एबीसी वाईट नाहीये, शॉप फ्लोअरवर तोच मुख्य राहणार, पण तुमच्याकडे किमान चार जागा अशा आहेत जिथे तो एकटा पुरणार नाही किंवा आग विझवून वर नुकसान करून ठेवेल.

कोटेशन बाजूला ठेवा आणि एकदा युनिटमधून चालत फिरा, आणि प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून एकच विचारा की इथे आग लागली तर जळणार काय. आपल्याकडच्या पद्धतीत लाकूड, कागद, कापड, पुठ्ठा म्हणजे ए क्लास, थिनर, डिझेल, ऑइल, पेंट हे बी, एलपीजी, ॲसिटिलीनसारखे गॅस हे सी आणि मॅग्नेशियम, सोडियमसारखे धातू डी. विजेला आपल्याकडे वेगळं अक्षर नाही, ते वेगळं बघायचं असतं. हे मुद्दाम सांगतोय कारण पोरं मोबाईलवर अमेरिकन व्हिडिओ बघतात आणि तिकडे सी म्हणजे इलेक्ट्रिकल, मग डब्यावरचं सी बघून गैरसमज होतो. वीज चालू असताना मारायचा की नाही हे लेबलवर वेगळं लिहिलेलं असतं, किती व्होल्टपर्यंत आणि किती अंतरावरून, ते वाचायचं.

आता तुमची सगळ्यात धोक्याची जागा, थिनरची खोली आणि बूथ. इथे एबीसी मारला की ज्वाळा झटकन खाली बसते, एकदम जादू वाटते, कारण पावडर ज्वाळेतली जळण्याची साखळी तोडते. पण ती थंड काही करत नाही. बाजूचा पत्रा तापलेला आहे, थिनरची वाफ वर येतच आहे, पावडरचा ढग खाली बसला की भप्पकन पुन्हा पेट घेतं, आणि तोपर्यंत तुमचा सिलिंडर रिकामा झालेला असतो आणि माणूस दोन पावलं पुढे गेलेला असतो. माणसं भाजतात ती बहुतेक वेळा या दुसऱ्या भडक्यात. म्हणून इथे पावडरच्या जोडीला फोम पाहिजे, जो लिक्विडवर थर धरून वाफ दाबतो. आणि फोममध्येही एक मेख आहे जी व्हेंडर सहसा सांगत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटच्या थिनरमध्ये ॲसिटोन, अल्कोहोल, एस्टर असली पाण्यात कमी-जास्त मिसळणारी सॉल्व्हंट्स असतात, आणि साधा एएफएफएफ (पातळ थर धरणारा नेहमीचा) फोम त्यांच्यावर टिकतच नाही, त्यातलं पाणी सॉल्व्हंट ओढून घेतं आणि थर विरून जातो. त्यासाठी अल्कोहोल रेझिस्टंट फोम लागतो, कोटेशनमध्ये "एआर" असं लिहून घ्या. तुमच्या थिनरची एमएसडीएस (केमिकलच्या सुरक्षिततेचा माहितीपत्रक) मागवा, त्यात पाच नंबरचा सेक्शन आग विझवण्याचाच असतो, तिथे कोणता फोम चालतो ते स्पष्ट दिलेलं असतं. सप्लायर एमएसडीएस देत नसेल तर सप्लायर बदला.

फोम मारायची पण रीत आहे. पावडरसारखा सरळ जळत्या लिक्विडच्या मधोमध मारलात तर लिक्विड उडून आग पसरते. मागच्या भिंतीवर किंवा ड्रमच्या आतल्या कडेवर मारायचा आणि तो स्वतःहून ओघळत पृष्ठभागावर पसरू द्यायचा. आणि फोममध्ये पाणी आहे, म्हणजे पॅनलच्या आसपास त्याचं काही काम नाही.

हे सगळे सिलिंडर बूथच्या आणि थिनर रूमच्या बाहेर लावा, दाराजवळ. आत लावलेला सिलिंडर आग लागल्यावर आणायला कोण जाणार आहे? हीच गोष्ट पॅनल रूमची.

पॅनल रूम आणि सर्व्हरला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवाला. एबीसीने पॅनलची आग विझेल, त्यात शंका नाही, पण त्यातली मोनोअमोनियम फॉस्फेट पावडर हवेतला ओलावा धरते आणि कॉन्टॅक्टर, कार्ड, बसबार या पॅनलमधल्या भागांवर गंज चढवते. छोटा शॉर्ट सर्किट होता, दोन कॉन्टॅक्टर बदलून भागलं असतं, आणि पावडर मारल्यामुळे अख्खं पॅनल काढून टाकायला लागलं असं मी पाहिलंय. सीओटू मागे काहीच ठेवत नाही. पण काय आहे ना, विझवायच्या आधी मेन बंद करायचा, मागचा सप्लाय तुटल्याशिवाय तिथे उष्णता तयार होतच राहणार आणि तुम्ही कितीही गॅस मारा, आग परत धरणार. मेन कुठून बंद होतो हे फक्त इलेक्ट्रिशियनला माहीत असून चालत नाही, रात्रपाळीच्या सुपरवायझरला आणि वॉचमनला पण माहीत पाहिजे.

सीओटूच्या दोन गोष्टी जपायच्या. हॉर्नमधून (नळीच्या टोकाच्या भोंग्यातून) जो पांढरा बर्फ बाहेर येतो तो उणे ७८ डिग्रीच्या आसपासचा असतो, हॉर्न हातात धरून मारला तर कातडी चिकटते, भाजल्यासारखे फोड येतात, म्हणून हॉर्नला जो हँडल असतो तिथेच धरायचं. आणि बंद खोलीत हा गॅस हवा ढकलून देतो, जड असल्याने खाली साठतो, म्हणजे छोट्या पॅनल रूममध्ये मारला की बाहेर यायचं, दार लावायचं, आत वाकून बघत बसायचं नाही. मोकळ्या जागेत मात्र तो वाऱ्याने उडून जातो, यार्डात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. पुठ्ठ्याच्या किंवा चिंध्यांच्या ढिगावरही नाही, वरची ज्वाळा जाते आणि आत निखारा तसाच धुमसत राहतो.

अशा ढिगाला पाणीच. ऑफिसची फाईलींची कपाटं, पॅकिंगचा पुठ्ठा, कॉटन वेस्ट, लाकडी पॅलेट यांच्यासाठी ९ लिटरचे वॉटर टाइप स्वस्त आणि मस्त आहेत, फक्त ते वीज नसलेल्या जागीच. एबीसीची पावडर ए क्लासवर वितळून थर धरते खरी, पण तो थर वरवरचा असतो, खोल गेलेली आग पाण्यानेच थंड होते. इचलकरंजी-भिवंडीकडे गाठींच्या गोदामात काम केलेल्या कुणालाही विचारा.

वेल्डिंग-ग्राइंडिंगला ६ किलोचे एबीसी ठीक, सोबत वाळूच्या बादल्या आणि पाण्याची एक बादली. पण तिथे खरी गोष्ट ठिणगीची आहे. ठिणगी उडून दहा-बारा मीटरवर पण जाते, पत्र्याच्या फटीत, पुठ्ठ्यात, चिंध्यांत पडून राहते आणि पोरं चहाला गेल्यावर धूर काढते. राजकोटच्या गेम झोनला २५ मे २०२४ ला जी आग लागली आणि त्यात लहान मुलांसकट कितीतरी माणसं गेली, तिथेही वेल्डिंग चालू होतं आणि ठिणगी खालच्या मालावर पडली. बूथजवळ वेल्डिंग करायचंच असेल तर आधी तिथलं थिनर हलवा, फायर ब्लँकेट टाका, एक माणूस एक्स्टिंग्विशर घेऊन उभा करा, आणि काम संपल्यावर अर्धा तास, जमलं तर तासभर तो तिथेच थांबला पाहिजे. त्या वेळेत त्याला दुसरं काम द्यायचं नाही. आणि तुम्ही कधी ॲल्युमिनियम ग्राइंडिंगची ऑर्डर घेतलीत तर ती धूळ एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाच्या) धुळीच्या डक्टमध्ये अजिबात जाऊ देऊ नका, गंजलेल्या लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा बारीक भुसा एकत्र आला आणि ठिणगी मिळाली की भयंकर तापमानाने जळतो. त्यावर पाणी, फोम, सीओटू काहीही मारायचं नाही, कोरडी वाळू किंवा डी क्लासची पावडर, ती पण हळुवार, धूळ हवेत न उडवता. नुसतं एमएसचंच काम असेल तर डी क्लासवर पैसे घालू नका.

कँटीनचं दोन भागांत बघा. गॅसचा पाइप किंवा रेग्युलेटर पेटला तर आधी व्हॉल्व बंद, गॅस तुटला की ज्वाळा आपोआप जाते. व्हॉल्वपर्यंत हात पोचत नसेल तर ज्वाळा विझवायला जाऊ नका, विझवलीत आणि गॅस चालूच राहिला तर तो खोलीत भरतो आणि मग जो भडका होतो त्यात भिंती जातात. माणसं बाहेर काढा, लांबून पाणी मारता येत असेल तर गॅसचा सिलिंडर थंड ठेवा. दुसरं तेल. नुसता चहा-पोहे होत असतील तर फायर ब्लँकेट आणि एक एबीसी पुरे, पण रोज वडे-भजी तळली जात असतील तर वेट केमिकल टाइप घ्या, त्यावर एफ किंवा के (तळणाच्या तेलाच्या आगीचं अक्षर) लिहिलेलं असतं. कढईतलं तेल स्वतःहून पेटतं तेव्हा ते साडेतीनशे डिग्रीच्या आसपास असतं, वेट केमिकल त्याच्यावर साबणासारखा थर करतं आणि थंड पण करतं. पाणी तर चुकूनही नाही. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे-सतराशे लिटर होते, ती तळाला जाऊन फुटते आणि सगळं पेटतं तेल छतापर्यंत उडवते. ही एक गोष्ट कँटीनच्या मावशींना आणि पोरांना तोंडपाठ पाहिजे: गॅस बंद, झाकण किंवा ब्लँकेट टाकायचं, आणि कढईला हात लावायचा नाही. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायला गेलेला माणूस हमखास स्वतःवर सांडून घेतो.

स्टॅकरची लिथियम बॅटरी हा नवा प्रकार आहे आणि इथे लोकांना खोटा धीर दिला जातो. एबीसी किंवा सीओटू मारून बाहेरची ज्वाळा दाबली जाते पण सेलच्या आत जे चालू झालंय ते थांबत नाही, एक सेल शेजारचा तापवतो, तो पुढचा. तिथे गरज थंड करण्याची असते, म्हणजे भरपूर पाणी, आणि ते मारायचं काम फायर ब्रिगेडचं. तिचा धूर विषारी असतो. तुमच्या हातातली गोष्ट म्हणजे चार्जिंगची जागा: बाहेर जायच्या वाटेवर नको, थिनरपासून लांब, शक्यतो उघड्या शेडमध्ये, आणि रात्री कुणी नसताना चार्जिंगला लावून घरी जायचं नाही. बॅटरी फुगली, आपटली, फुस्स आवाज यायला लागला की माणसं लांब आणि फोन.

आता खरेदी. आयएस १५६८३ चा (हातातल्या एक्स्टिंग्विशरचं भारतीय मानक) आयएसआय मार्क आणि त्याखालचा सीएम/एल (लायसन्स) नंबर सिलिंडरवर बघा, तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं आहे का ते कळतं, दोन मिनिटांचं काम. पावडरमध्ये एमएपी (वर सांगितलेलं मोनोअमोनियम फॉस्फेट) किती टक्के ते विचारा, दोन कोटेशनच्या दरात फरक असतो तो पुष्कळदा इथेच असतो. ९० टक्के आणि ५० टक्के या दोन वेगळ्या वस्तू आहेत, डबा लालच दिसतो. छतावर लावायचे ऑटोमॅटिक मॉड्युलर (उष्णतेने आपोआप सुटणारे) आणि फायर बॉल व्हेंडर विकायला बघेल, थिनर रूममध्ये मॉड्युलर जास्तीचं म्हणून लावा, पण हातातल्या एक्स्टिंग्विशरच्या जागी नको.

लावायचं कसं, तर आयएस २१९० (एक्स्टिंग्विशर निवडणं, लावणं आणि सांभाळण्याचं मानक) प्रमाणे कुठल्याही जागेवरून १५ मीटर चाललं की एक्स्टिंग्विशर मिळाला पाहिजे. हे १५ मीटर ड्रॉइंगवर पट्टी ठेवून मोजू नका, मशिनला वळसा घालून, पॅलेटच्या बाजूने माणूस जसा चालतो तसं टेप टाकून मोजा. तळ जमिनीपासून साधारण ७५० मिलिमीटरवर, वर बोर्ड असा की गर्दीतूनही दिसेल, आणि खाली पिवळा चौकोन रंगवून त्यात काही ठेवायला बंदी. हा चौकोन सगळीकडे असतो आणि त्यात सगळीकडे माल असतो, हे रोज कुणीतरी बघितलं पाहिजे.

मेंटेनन्सबद्दल थोडं जास्त बोलतो कारण खरी बोंब इथेच असते. ऑडिटला गेलो की मी आधी टॅग, म्हणजे सिलिंडरला लटकवलेलं महिन्याच्या तपासणीचं कार्ड, बघतो. बारा महिन्यांच्या बारा सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच तिरक्या वळणाने केलेल्या असल्या की पुढचं काय निघणार ते कळतं. एका ठिकाणी गेज (प्रेशरचा काटा) हिरव्यात, सील शाबूत, डबा चकचकीत पुसलेला, आणि होज काढून बघितला तर तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर करून ठेवलेलं, टणक. तो सिलिंडर आगीवर नेला असता तर काहीच बाहेर आलं नसतं. म्हणून दर महिन्याला गेजबरोबर होज आणि नोझल काढून आरपार बघायचं, पिन सहज निघते का बघायचं (सील म्हणून लोखंडी तार पिळलेली असेल तर ती आधी कापा, ऐन वेळी पक्कड कुठून आणणार), आणि पावडरचा सिलिंडर उलटा करून हलवायचा, आतली पावडर सरकल्याचं हाताला जाणवलं पाहिजे. दगडासारखी बसली असेल तर गेज हिरवा असूनही नुसता पावडर ढकलणारा नायट्रोजन बाहेर येतो. सीओटूला गेजच नसतो, तो वजनानेच कळतो, वजन व्हॉल्ववर किंवा बॉडीवर कोरलेलं असतं, गॅस १० टक्के कमी झाला की भरायला पाठवायचा. हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली सिलिंडरची तपासणी) पावडरला तीन वर्षांनी, सीओटूला पाच वर्षांनी. आणि चालतो का बघू म्हणून कुणी एकदा हँडल दाबलं असेल तर तो रिफिललाच जाणार, व्हॉल्वच्या सीटवर पावडरचे कण अडकतात आणि प्रेशर हळूहळू निघून जातं.

रिफिलवाल्याला सिलिंडर तुमच्यासमोर उघडायला सांगा. नुसता नायट्रोजन मारून नवा स्टिकर लावणारे आहेत. आणि सगळे एकदम पाठवू नका, निम्मे पाठवा किंवा स्टँडबाय घ्या.

इथेच तुमच्या ट्रेनिंगचं उत्तर आहे. रिफिलला जायचे सिलिंडर भरलेले कशाला द्यायचे? जायच्या आदल्या दिवशी यार्डात एक खुणेचा ड्रम ठेवा आणि पोरांकडून ते मारून घ्या. आग पेटवायची गरज नाही, पेटवायचीच असेल तर फायर ब्रिगेडच्या किंवा सेफ्टी ऑफिसरच्या देखरेखीत. यात दोन कामं होतात, कुठला सिलिंडर चालतो आणि कुठला नाही ते कळतं, आणि पोरांची भीती जाते. पहिल्यांदा हँडल दाबलं की जो आवाज आणि धक्का येतो त्याने माणूस दचकून नोझल वर करतो, ते आगीच्या वेळी पहिल्यांदा होऊ नये. भाषण देऊन हे येत नाही. वेल्डर, पेंटर, रात्रपाळीचे कामगार, हाऊसकीपिंगच्या बायका, वॉचमन, सगळ्यांनी एकदा तरी मारलेला पाहिजे, फक्त सुपरवायझरने नाही. कामगार हिंदी-भोजपुरी बोलणारे असतील तर त्यांना त्यांच्या भाषेत सांगा.

शिकवायचं एवढंच. आधी ओरडून सगळ्यांना सांगणे आणि १०१ किंवा ११२ ला फोन, दोन माणसं, एकटा कुणी जायचं नाही. पाठ दाराकडे आणि वाऱ्याकडे. पिन ओढताना हँडल दाबलेलं नको, दाबलेलं असलं की पिन अडकते आणि घाबरलेला माणूस अजून जोरात दाबतो. पावडरला दोन-तीन मीटरवरून सुरुवात, सीओटूला मीटर-दीड मीटरवर जायला लागतं. ज्वाळेच्या शेंड्यावर नाही, बुडावर, आणि डावीकडून उजवीकडे झाडत झाडत पुढे. ६ किलोचा सिलिंडर पंधरा सेकंदांच्या आसपास चालतो, त्याहून जास्त नाही, हे घड्याळ लावून दाखवा कारण सगळ्यांना वाटतं की पाच मिनिटं चालेल. लिक्विडच्या आगीवर एकामागून एक नको, दोघांनी एकाच वेळी मारायचे. विझली तरी पाठ फिरवायची नाही, बघत बघत मागे यायचं. आणि एक सिलिंडर संपूनही आग गेली नाही, किंवा आग छताला लागली, किंवा धूर डोक्याच्या उंचीवर आला की सोडून द्यायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर. हे मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायला लागतं की माल गेला तरी चालेल. तुम्ही नाही सांगितलं तर पोरं नोकरीच्या भीतीने आत थांबतात.

कायद्याचं, महाराष्ट्रात २००६ चा फायर प्रिव्हेन्शनचा कायदा आहे, त्याखाली लायसन्स असलेल्या एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं सर्टिफिकेट, घेऊन द्यायचा असतो. एजन्सी प्रत्यक्ष येऊन बघतेय ना एवढं बघा, घरी बसून मेलवर आलेला फॉर्म तुम्हाला आगीत उपयोगी पडणार नाही आणि नंतर चौकशीतही नाही.

तुमच्या जागी मी असतो तर शॉप फ्लोअर आणि वेल्डिंगला ६ किलोचे सहा-सात एबीसी, थिनर आणि बूथच्या बाहेर ९ लिटरचे दोन एआर फोम आणि एक मोठा पावडर ट्रॉलीवाला, पॅनलच्या दाराबाहेर साडेचार किलोचे दोन सीओटू, सर्व्हरला २ किलोचा एक, स्टोअर आणि ऑफिसला दोन पाण्याचे, कँटीनला ब्लँकेट आणि तळण असेल तर वेट केमिकल, नाहीतर एक एबीसी. नग वीसपेक्षा कमी होतील, खर्च तेवढ्यातच बसायला हरकत नाही. फायनल करायच्या आधी १५ मीटर टेपने मोजा आणि एक-दोन वाढतील तर वाढवा. या महिन्यात सगळे पैसे निघत नसतील तर पहिली ऑर्डर थिनर रूम आणि पॅनलची द्या, ऑफिसचे पुढच्या महिन्यात आले तरी चालतील, आणि तोपर्यंत थिनरचा साठा एक दिवसाच्या कामापुरताच आत ठेवा.